सुपर टेन, हाय फाइव्ह आणि तक्त्याबाहेरचे गुण

अलिबाग-पेणच्या पट्ट्यात कबड्डी कुणी कुणाला शिकवायला जात नाही. रात्री दिव्यांखाली सामने रंगतात आणि कोपऱ्याने घोटा कधी धरायला हवा होता, यावर मैदानाबाहेरचे आजोबाही अधिकारवाणीने बोलतात. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि या बोलण्यात आकडे शिरले. आता वाद पेटला की मोबाइलवरचा तक्ता पुढे केला जातो. तक्ता खरंच सांगतो. पण तो काय मोजतो आणि काय नाही, हे कुणी फारसं विचारत नाही.

नेहमीची तक्रार बेरजेची. सातही जणांचे आणि बदली खेळाडूंचे गुण मिळवले तरी संघाची गुणसंख्या भरत नाही, म्हणजे गुणलेखकाने घोळ घातला! घोळ नसतो. प्रतिस्पर्ध्याचा अख्खा संघ बाद झाला की लोणचे दोन गुण मिळतात, ते कुठल्याही खेळाडूच्या नावावर चढत नाहीत. तांत्रिक गुणांसारखे अवांतर गुणही संघाच्याच खात्यात जातात. तीन लोण चढवले की सहा गुण कुणाच्याच नावावर नसतात. उरलेला फरक अवांतराच्या रकान्यात सापडतो.

दुसरा गैरसमज जास्त खोलवरचा आहे: दहा गुण म्हणजे दहा गुण. एका सामन्यात चढाईचे दहा किंवा जास्त गुण मिळवले की ‘सुपर टेन’ लागतो आणि कौतुक तिथेच थांबतं. समजा, दोन चढाईपटूंचे प्रत्येकी दहा गुण आहेत. पहिल्याने आठ बोनस घेतले आणि दोघांना टिपलं; दुसऱ्याने आठ जणांना टिपून दोन बोनस घेतले. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात दोघे सारखेच. मॅटवर मात्र दुसऱ्याने समोरचे आठ जण बाहेर काढले आणि आपले आठ जणांपर्यंत आत आणायची सोय केली, कारण प्रतिस्पर्धी बाद झाला की आपला बाहेर बसलेला खेळाडू परततो. बोनसने गुण वाढतो, माणूस परत येत नाही. बास्केटबॉलमध्ये बास्केट झाली तरी मैदानावर दोन्हीकडे पाच-पाचच राहतात. कबड्डीत प्रत्येक स्पर्शाने माणसांचा हिशेब बदलतो. म्हणून एकूण गुणांआधी स्पर्शाचे किती आणि बोनसचे किती, हे रकाने बघावेत.

याचा अर्थ बोनस फुकटचा असं मुळीच नाही. तो समोर सहा किंवा सात बचावपटू उभे असतानाच मिळतो, म्हणजे बचाव सर्वांत भक्कम असतानाच. यू मुंबाचा कर्णधार अनुप कुमार अशाच वेळी शांतपणे बोनस रेषा ओलांडून परतायचा. २०१५ मध्ये त्याच्या संघाने बंगळुरू बुल्सला ३६-३० हरवून विजेतेपद मिळवलं. आपल्याकडे बोनस घेणाऱ्याला घाबरट म्हणण्याची खोड आहे, ती सोडायला हरकत नाही.

पकडीच्या आकड्यांत याहून जास्त फसगत होते. दहाव्या हंगामात पुणेरी पलटणच्या मोहम्मदरेझा शादलूईने पकडींचे ९९ गुण मिळवले, त्या हंगामातले सर्वाधिक. त्याच्या ताकदीबद्दल वादच नाही. पण पकडीचा गुण लिहिला जातो एकाच्याच नावावर, धरतात मात्र तिघेचौघे. कोपऱ्याने घोटा धरला तरी साखळीतल्या शेजाऱ्याने छातीवर धडक दिली नसती, तर चढाईपटू मध्यरेषेला हात लावून मोकळा झाला असता. बास्केटबॉलच्या तक्त्यात पास देणाऱ्यासाठी ‘असिस्ट’चा रकाना असतो. आपल्या धडक देणाऱ्यासाठी गुणांच्या तक्त्यात तसं काही नाही, आणि मला तो मोठा अन्याय वाटतो. आणखी एक: ‘हाय फाइव्ह’ म्हणजे पाच पकडी नव्हेत, पकडींचे पाच गुण. जादा गुणाच्या दोन पकडी, म्हणजे सुपर टॅकल, आणि एक साधी पकड, एवढ्यातही तो पुरा होतो.

सुपर टॅकलचा आकडा तर उलटाही वाचता येतो. मॅटवर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना केलेल्या पकडीला जादा गुण मिळतो. एखाद्या संघाच्या नावावर सुपर टॅकल भरपूर दिसले, तर त्यांचा बचाव झुंजार आहे हे खरं. पण ते पुनःपुन्हा तीन-दोनवर आले होते, हेही तितकंच खरं.

रिकामी चढाई वाया गेली, असं आपण चटकन म्हणतो. चढाई तीस सेकंदांची असते. शेवटच्या दोन मिनिटांत आघाडी राखून जो रिकामा पण नाबाद परततो, त्याने घड्याळ खाल्लेलं असतं. सलग दोन रिकाम्या झाल्यावर तिसरी ‘करो या मरो’ची येते आणि तिथे रिकामं परतणारा बादच होतो, म्हणून ही चैन मोजून करावी लागते. यशस्वी चढायांच्या टक्केवारीत मात्र असा खेळाडू मागे पडलेला दिसतो.

आता एकहाती विजयाची गोष्ट. पाचव्या हंगामात, २०१७ मध्ये, मुंबईच्या रिशांक देवाडिगाने यूपी योद्धाकडून जयपूरविरुद्ध चढाईचे २८ गुण घेतले. त्याच हंगामात पाटण्याच्या परदीप नरवालने हरियाणाविरुद्ध ३४ गुण घेऊन तो आकडाही मागे टाकला. सामना सुटला ६९-३०. तक्ता हातात घेऊन कुणीही म्हणेल, परदीप एकटा खेळला. पण त्याचे ३४ वजा केले तरी पाटण्याचे ३५ उरतात, म्हणजे हरियाणाच्या सगळ्या संघापेक्षा पाच जास्त.

याउलट १ मार्च २०२४ चा हैदराबादमधला अंतिम सामना घ्या. पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. पलटणच्या पंकज मोहितेचे गुण होते नऊ. सुपर टेनच्या यादीत त्याचं नाव त्या रात्री आलं नाही. त्या नवांपैकी चार एकाच चढाईतले होते आणि सामना सुटला तीन गुणांनी.