फवारणीसाठी चिनी मातीची निवड

परंडा तालुक्यात रब्बी ज्वारी बहुतांशी जमिनीत साठलेल्या ओलीवरच वाढते. पिकास ताण बसू लागला व पाणी देण्याची सोय नसली, म्हणजे पानांवर केओलिन, अर्थात चिनी माती, फवारावी अशी शिफारस केली जाते. प्रमाण शेकडा 6 ते 8, म्हणजे दहा लिटर पाण्यास 600 ते 800 ग्रॅम. पांढऱ्या थरावरून ऊन परावर्तित होते, पान थंड राहते व बाष्पोत्सर्जन घटते. डाळिंबाच्या फळांवर पडणारे उन्हाचे चट्टेही याने कमी होतात. ही माती पिकास पाणी देत नाही. आहे ती ओल काही दिवस अधिक पुरविते, एवढेच.

रानात एवढी माती असताना ती विकत का आणावी, असे कोणी विचारील. आपल्या काळ्या जमिनीतील मुख्य चिकणखनिज माँटमोरिलोनाइट होय. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरते, म्हणून जमीन फुगते व वाळल्यावर भेगाळते. केओलिनचे थर एकमेकांस घट्ट धरून असतात. ते फुगत नाही. फेल्डस्पारयुक्त खडक दीर्घकाळ कुजून ही माती बनते. आपल्याकडे खडक काळा बेसाल्ट. चिनी मातीचे साठे सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यांत आहेत.

बाजारातील केओलिन मुख्यत्वे कारखान्यांकरिता तयार होते, व प्रत्येकाची मागणी निराळी. भांडी घडविणाऱ्यास माती लवचीक व भाजल्यावर पांढरी राहणारी लागते, म्हणून लोहाचा अंश कमी हवा. रबरासाठी तांबे व मँगनीज नको, कारण त्यांनी रबर लवकर जीर्ण होते. कागदास शुभ्रता व बारीकपणा हवा आणि रेती मुळीच नको. आपली गरज या शेवटच्या गिऱ्हाइकाच्या जवळची आहे, कारण रेतीने फवारणी पंपाची नोझल तुंबते व झिजते. तेव्हा दुकानदारास ‘पांढरी माती द्या’ एवढेच न सांगता ती कोणत्या कामासाठी तयार केली आहे, हे विचारावे.

पांढरी दिसणारी प्रत्येक भुकटी केओलिन नसते. चिमूटभर भुकटीवर लिंबू पिळावे. फेस आल्यास तीत खडू आहे असे समजावे. खडूनेही थर बसतो, पण केओलिनच्या भावाने खडू कशाला घ्यावा? शंखजिरे बोटांस अतिशय गुळगुळीत लागते व पाण्यात सहज भिजत नाही. प्लास्टर असल्यास त्याचा कालविलेला गोळा थोड्या वेळात दगडासारखा घट्ट होतो. शेवटी काचेच्या पेल्यात चमचाभर भुकटी ढवळून एक मिनिट थांबावे, वरचे पाणी ओतून द्यावे व तळाचा गाळ बोटांनी चोळून पाहावा. कचकच लागल्यास तो माल घेऊ नये.

माती प्रथम थोड्या पाण्यात कालवून कापडातून गाळावी व नंतर उरलेले पाणी घालावे. ती विरघळत नाही, म्हणून फवारताना द्रावण वरचेवर ढवळावे. पावसाने थर धुऊन गेल्यास आणि ताण कायम असल्यास पुन्हा फवारणी करावी लागेल.