मोठ्या करवतीचा मोह

इंदूरच्या विजय नगरात चूल पेटत नाही. मेघदूत उपवनापासून देवास नाक्यापर्यंत फिरून पाहा: मॉल, कोचिंग क्लास, रुग्णालयं, काचेच्या इमारती. राजवाड्याजवळच्या वाड्यांतून इकडे राहायला आलेल्या मराठी घरांनी तांब्याचा बंब सोबत आणलाच असेल, तर तो बैठकीच्या कोपऱ्यात लखलखीत उभा असतो. जळण मागत नाही. तरी लाकूड कापणाऱ्या मशीनचा कर्कश आवाज या वस्तीला चांगला ओळखीचा आहे. मे-जूनच्या वादळात गुलमोहर रस्त्यावर आडवा झाला की नगर निगमची गाडी येते, माणसं उतरतात, एक जण दोरी ओढतो, आणि कुऱ्हाडीनं दुपारभर चाललं असतं ते काम चहा उकळेपर्यंत आटोपतं. बघ्यांपैकी एखादा तिथल्या तिथे ठरवून टाकतो, की आपल्या शेतावर हे पाहिजेच.

शेत म्हणजे बहुधा सिमरोल, चोरल किंवा महूच्या वाटेवरचा तुकडा. बांधावर बाभळी, सुबाभूळ, एखादी निलगिरी. डिसेंबर-जानेवारीत माळव्यातली थंडी बोचू लागली की शेकोटी हवी, पाहुणे आले की पाणी तापवायला तोच बैठकीतला बंब हवा. सरपण आपल्या हातानं कापायची हौस इथे सुरू होते. दुकानात मशीन हातात घेतल्यावर पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो: "भिया, इससे बड़ी वाली है क्या?"

या प्रश्नात एक गंमत आहे. गिऱ्हाईक लहानाकडून मोठ्याकडे निघालेलं असतं. चेन सॉ मात्र गेली शंभर वर्षं मोठ्याकडून लहानाकडे आलेली आहे.

दोघांची करवत, एकट्याची करवत

साखळीला दात लावून कापायची युक्ती प्रथम लाकूडतोड्यांना नव्हे, शल्यविशारदांना सुचली. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधले जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री हे डॉक्टर हाड कापण्यासाठी बारीक दातेरी साखळी वापरत. 1830 च्या सुमारास जर्मनीत बर्नहार्ड हाइने यानं त्याच तत्त्वावर, हातानं दांडा फिरवून चालणारं अस्थिछेदक यंत्र बनवलं.

लाकडाची पाळी पुढच्या शतकात आली. श्टुटगार्टच्या आंद्रेआस स्टिल यानं 1926 मध्ये विजेवर चालणारी साखळी करवत बाजारात आणली. पण जंगलात वीज कुठली? 1927 मध्ये एमिल लेर्प यानं थुरिंगियातल्या डोलमार डोंगरावर पेट्रोलवरची करवत चालवून दाखवली. त्या डोंगराचं नाव पुढे लेर्पच्या कंपनीला मिळालं. 1929 मध्ये स्टिलचीही पेट्रोल करवत आली. वजन 46 किलो, ताकद सुमारे 6 अश्वशक्ती, आणि दोन टोकांना धरायला दोन माणसं. एकट्यानं चालवायची स्टिलची पेट्रोल करवत यायला 1950 उजाडलं. 1959 मध्ये त्याच कंपनीनं ‘कॉन्ट्रा’ काढली. ताकद तीच 6 अश्वशक्ती, वजन मात्र 12 किलो. त्याच वर्षी स्वीडनची हुस्कवार्ना या धंद्यात उतरली.

म्हणजे तीस वर्षांत ताकद जागेवर राहिली आणि वजन चौथ्या हिश्श्यावर आलं. इंजिनिअरांनी घाम गाळला तो हे यंत्र माणसाच्या हातात मावावं म्हणून.

अळीनं दिलेला दात

इंजिन हलकं झालं तरी साखळीचं दुखणं होतंच. जुन्या साखळीचे दात हातकरवतीसारखे सरळ असत. ते लाकूड ओरबाडत आणि वारंवार धार मागत. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स हा लाकूडतोड्या 1946 मध्ये एका ओंडक्यापाशी थांबला. एक भुंग्याची अळी लाकूड पोखरत चालली होती. सरळ रेषेत नव्हे. तिचे वाकडे जबडे डावीकडे-उजवीकडे चालत, आणि लाकडाच्या उभ्या-आडव्या रेषांचा तिला काही फरक पडत नव्हता. कॉक्सनं तसेच आकड्यासारखे वळलेले, आळीपाळीनं डाव्या-उजव्या अंगाचे दात बनवले आणि 1947 मध्ये साखळीचा कारखाना काढला. आज विजय नगरात फांदी कापणारी साखळी असो की कॅनडाच्या जंगलातली, तिचा दात त्याच घराण्यातला आहे.

ही गोष्ट मोठ्या मशीनच्या गिऱ्हाइकानं आधी ऐकावी. लाकूड कापतो तो दात. इंजिन त्याला फक्त पळवतं. धारदार साखळी लावलेली 45 सीसीची करवत, बोथट साखळीच्या 60 सीसीवाल्या करवतीला सहज मागे टाकते. ओळखायला उपकरण नको. खाली काय पडतं ते पाहावं. जाडसर ढलप्या पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा उडत असेल, करवत दाबावी लागत असेल, धूर निघत असेल, तर थांबावं आणि गोल कानस काढावी. साखळीच्या मापाप्रमाणे 4 ते 5.5 मिलिमीटर जाडीची कानस, साधारण 30 अंशांचा कोन, प्रत्येक दाताला दोन-तीन सारखे हात. पेट्रोलची टाकी भरायच्या वेळीच धार पाहायची सवय लागली की काम सोपं होतं.

शहरातल्या झाडाला तर याहून जास्त सांभाळावं लागतं. रस्त्याकडेच्या खोडात जाहिरातींचे खिळे, दिव्यांच्या माळांच्या तारा, जुन्या जाळीचे तुकडे सालीनं गिळलेले असतात. एका खिळ्यावर साखळीची धार गेली की सीसी किती आहेत याला अर्थ उरत नाही.

सीसीचा हिशेब

तरीही मोठं मशीन मोहात पाडतं, आणि त्याला कारणही आहे. स्टिलच्या एमएस 881 या मॉडेलचं इंजिन 121.6 सीसीचं आहे, म्हणजे भारतातल्या कित्येक मोटरसायकलींहून मोठं. साखळी आणि ती जिच्यावरून धावते ती पट्टी न लावताच ते सुमारे दहा किलो भरतं. अजस्र ओंडके उभे चिरून फळ्या काढायच्या असतील तिथे त्याला तोड नाही. पण बांधावरची बाभूळ कापायला ते नेणं म्हणजे लिंबू चिरायला कोयता घेणं.

घरगुती सरपणाला 40 ते 50 सीसी पुष्कळ झाले. पट्टी 16 ते 18 इंची. यावर ठरलेली शंका अशी, की खोड दोन फुटी निघालं तर? 18 इंची पट्टीनं दोन्ही बाजूंनी कापत गेलं तर जवळपास तीन फूट जाडीचं खोडही सुटतं. लांब पट्टी घेतली की वजन पुढे झुकतं, कंबर दुखते, साखळीचे दात वाढतात आणि धार लावायचा वेळही वाढतो. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या 58 सीसीच्या चिनी मशीनचा आकडा बघून हुरळण्याआधी सुटे भाग कुठे मिळतील हे विचारावं. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल किती घालायचं हे पुस्तिकेत असतं. 1:50 लिहिलं असेल तर लिटरला 20 मिलिलिटर, 1:25 असेल तर 40. हा हिशेब चुकला की पिस्टन जाम होतो.

उसळी

आकार वाढतो तसा धोकाही वाढतो. साखळी सेकंदाला वीस मीटर किंवा त्याहून वेगानं धावते. पट्टीच्या नाकाचा वरचा कोपरा कुठे टेकला, तर करवत उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते, आणि हे इतक्या झटक्यात होतं की हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. म्हणून 1970 च्या दशकात साखळीचा ब्रेक आला. पुढच्या दांडीसमोरची ती प्लास्टिकची ढाल शोभेची नाही. उसळीत मनगट तिच्यावर आपटलं की साखळी जागीच थांबते. कामात आड येते म्हणून ती काढून टाकलेली मशीन कुणाकडे दिसली, तर तिला हात लावू नये.

उभं झाड पाडणं हे तर वेगळंच काम आहे. ज्या बाजूला पाडायचं तिकडे आधी खाच, मग मागून काप, आणि मध्ये बिजागरीसारखी लाकडाची पट्टी शिल्लक ठेवायची. झाडाला दिशा देते ती ही पट्टी. ती कापली गेली तर झाड आपल्या मर्जीनं पडतं. खांद्याच्या वर करवत उचलायची नाही, शिडीवरून चालवायची नाही. शहरात चप्पल घालून, एका हातात करवत धरून फांदीवर चढलेली माणसं दिसतात. त्यांच्या हिमतीचं कौतुक करण्यापेक्षा त्यांना हेल्मेट, डोळ्यांची जाळी, कानाचं संरक्षण आणि पायाला जाड चॅप्स मिळायला हवेत.

कापायचं कुठलं, जाळायचं कधी

घरासमोरचं झाड आपण लावलं, म्हणून ते तोडायचा हक्क आपला होत नाही. मध्य प्रदेशात शहरी भागातल्या झाडांसाठी 2001 चा वृक्ष परिरक्षण कायदा आहे आणि परवानगी वृक्ष अधिकाऱ्याची लागते. शेतातही जातीप्रमाणे नियम बदलतात. सागाला तर विचारल्याशिवाय हात लावू नये. शहरात छाटलेल्या फांद्यांनाही आता किंमत आली आहे. इंदूरमध्ये रोज सुमारे 30 टन, पानगळीत त्याच्या दुप्पट हरित कचरा निघतो, आणि त्यापासून जळणाच्या गोळ्या बनवण्यासाठी बिचोली हप्सीला खासगी भागीदारीतून प्रकल्प उभा केला गेला. याच शहरानं 14 जुलै 2024 रोजी रेवती रेंजवर 24 तासांत अकरा लाखांहून जास्त रोपं लावून विक्रम केला. त्यातलं एखादं रोप बुंधा धरायला पंचवीस-तीस वर्षं घेईल. करवतीला ते आडवं करायला पाच मिनिटं लागणार नाहीत.

आणि कापलं म्हणजे जळण झालं असंही नाही. ओल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. ते जाळलं तर उष्णता पाणी उकळण्यातच जाते आणि घरात धूर भरतो. ओंडके फूट-सव्वा फुटाचे करून, घन आणि पाचरीनं फोडून, जमिनीपासून उचलून, वरून झाकलेले पण बाजूंनी वारा खेळता ठेवून रचावेत. निदान सहा महिने थांबावं. पावसाळ्याआधी कापलेलं लाकूड त्याच हिवाळ्यात नीट जळेल अशी आशा करू नये. बाभळीचा निखारा टिकतो. गुलमोहर लगेच भडकतो आणि लगेच विझतो. सरपणाचं खरं कौशल्य फोडण्यात, रचण्यात आणि थांबण्यात आहे. यातल्या कुठल्याच कामाला सीसी लागत नाहीत.

तेव्हा चेन सॉ घ्यायचीच असेल तर 45 सीसीच्या आसपासची, ब्रेक धड असलेली आणि दुरुस्ती जवळ होईल अशी घ्या. मोठीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत दोन साखळ्या, कानस, हेल्मेट, चॅप्स आणि पाचरी येतील. आणि काम वर्षातून दोनच दिवसांचं असेल, तर विकत घेऊ नका. मशीनसह जाणता माणूस रोजानं बोलवा, त्याला पूर्ण मजुरी द्या, आणि फोडायचं काम तेवढं स्वतःकडे ठेवा.