तोतोरोचं दुकान, तोतोरोचं रान

टोकियो : टोकियो स्टेशनच्या तळघरात ‘टोकियो कॅरॅक्टर स्ट्रीट’ नावाची गल्लीच आहे. पोकेमॉन, हॅलो किटी, शिवाय टीव्ही वाहिन्यांच्या कार्यक्रमांतली पात्रं, सगळ्यांची दुकानं ओळीने लागलेली. सुट्टीत बहीण नाशिकहून सहकुटुंब आली, तेव्हा भाची आम्हाला थेट ‘दोंगुरी क्योवाकोकु’त घेऊन गेली. स्टुडिओ जिब्लीच्या चित्रपटांवरच्या वस्तूंचं हे दुकान आमच्या घरात सगळ्यांच्याच आवडीचं.

जिब्लीची स्थापना १९८५ची. हायाओ मियाझाकींचा ‘माय नेबर तोतोरो’ आला १९८८ साली. आई इस्पितळात, वडिलांबरोबर खेड्यात राहायला आलेल्या दोन बहिणी आणि त्यांना रानात भेटणारा करडा, गुबगुबीत तोतोरो. चित्रपटगृहांत तो फारसा चालला नाही. टीव्हीवर लागू लागला तसा घराघरांत पोचला. पुढे कापडी तोतोरोंच्या विक्रीने स्टुडिओला मोठा हात दिला.

दुकानात खेळणी आहेतच, पण रोजच्या वापरातल्या वस्तूही तितक्याच : जेवणाचे डबे, चॉपस्टिक्स, कुंड्या, रुमाल. इथल्या अनेक सार्वजनिक स्वच्छतागृहांत हात पुसायला काही नसतं, त्यामुळे रुमाल प्रत्येकाजवळ असतोच. भाचीने निवडलेल्या रुमालाच्या कोपऱ्यात छत्री धरलेला, नखाएवढा तोतोरो भरलेला होता. गल्ल्यावर नोटा हातात न देता तबकात ठेवायच्या. उरलेले पैसे डोळ्यांदेखत मोजून परत मिळतात. आमच्या पुढे रांगेत कामावरून परतणारी मोठी माणसंच जास्त होती. लहानपणी भेटलेलं पात्र जपानी माणूस मोठेपणीही सोबत बाळगतो आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही.

ही माया दुकानापाशी थांबत नाही, म्हणून मला ती मोलाची वाटते. टोकियो आणि सैतामा यांच्या सीमेवरच्या सायामा टेकड्यांमधूनही मियाझाकींना या चित्रपटाची प्रेरणा मिळाली. शहर पसरत तिथवर आलं, तेव्हा स्थानिक लोकांनी मियाझाकींच्या संमतीने तोतोरोच्या नावे देणग्या गोळा केल्या आणि रान विकत घ्यायला सुरुवात केली. पहिला तुकडा घेतला १९९१मध्ये. आज ‘तोतोरोची रानं’ पन्नासहून अधिक आहेत. तिथली झाडं आता कुणी बिल्डर तोडू शकत नाही.

पुण्याच्या टेकड्यांसाठीही लोक वर्षानुवर्षं झगडत आहेत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर पुण्यातच शिकला, सायकलवरून गावभर हिंडला. त्याच्या नावे एखादी टेकडी राखायची म्हटलं, तर त्याच्या गोष्टींवर वाढलेल्या कितीतरी पिढ्या खिशात हात घालतील, याची मला खात्री आहे.