टपालवाल्याची तबकडी

आमच्या घरात गाणे म्हणजे स्वर. संस्थान होते तोवर वडील दरबारात गात. शब्द ही केवळ स्वर टांगण्याची खुंटी, असे ते म्हणत. मीही गायनवर्गात तेच सांगत आलो. या समजुतीला धक्का दिला तो एका अमेरिकन टपालवाल्याने.

जॉन प्राइन हा शिकागोजवळच्या मेवुडचा. पत्रे वाटता वाटता तो गाणी रची. १९७१ साली त्याची पहिली तबकडी निघाली, तेव्हा वय जेमतेम चोवीस-पंचवीस. तबकडीला नाव त्याचेच; गाणी १३, बहुतेक मेम्फिस येथे मुद्रित झालेली. चाली गिटारच्या चारदोन स्वरमेळांत बसणाऱ्या. तान नाही, मींड नाही. आवाजही किंचित नाकातला. आमच्या परीक्षेत हा गडी पहिल्याच वर्षी अडला असता!

पण तो सांगतो काय? व्हिएतनामहून व्यसन घेऊन परतलेला सैनिक. कोळशाच्या खाणींनी गिळलेले, आईवडिलांच्या मुलखातले केंटकीतील गाव. हे दुसरे गाणे त्याने वडिलांसाठीच लिहिले. आणि एक म्हातारे जोडपे: मुले पांगलेली, एक कोरियाच्या युद्धात गेलेला, आता दोघांत बोलण्यासारखे काही उरलेले नाही. लहानपणी प्राइन वृद्धाश्रमात वर्तमानपत्रे टाकीत असे. त्याचे मागणे एवढेच, की वाटेत म्हातारे माणूस दिसले तर दोन शब्द बोला.

ते ऐकले आणि मी जागीच थबकलो. अखेरच्या वर्षांत वडील ओसरीवर झोपाळ्यावर बसून असत. माझे विद्यार्थी त्यांच्यासमोरून आत येत. "आज काय घेतलंस?" असे ते मला विचारीत, आणि "अण्णा, नंतर सांगतो," म्हणून मी वर्गाकडे वळे. ते नंतर कधी आलेच नाही.

बॉनी रेटसारख्या गायिकेने १९७४ साली याच तबकडीतले एक गाणे गाऊन आपलेसे केले. ७ एप्रिल २०२० रोजी करोनाने प्राइनचा अंत झाला, तरी तबकडी ऐकली जातेच आहे. कारण उघड आहे: तिथे स्वर खुंटी झाला आहे, आणि तिच्यावर माणूस टांगलेला आहे. अण्णांना हे पटले असते का? वाद घालायला ते हवे होते.

आता वर्गाला येणाऱ्या मुलांना मी आधी माजघरात पाठवतो. तिथे आई बसलेली असते. तिच्याशी दोन शब्द बोलून झाले, की मग तंबोरा.