गोळीची किंमत

वेदनाशामक औषध वैद्याच्या हातून मिळते तेव्हा ते उपकारक असते. तेच चोरट्या बाजारात गेले म्हणजे काय घडते, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून आपण पाहू. अफूच्या झाडातील द्रव्यापासून बनणारे ऑक्सिकोडोन तेथे १९९६ साली ‘ऑक्सिकॉन्टिन’ या नावाने विक्रीस आले. औषधालयात काही डॉलरांना मिळणारी ८० मिलिग्रॅमची गोळी चोरट्या बाजारात मिलिग्रॅमला सुमारे १ डॉलर, म्हणजे ८० डॉलरांपर्यंत विकली जाई. शरीर सरावते, मात्रा वाढते आणि तिच्याबरोबर खर्चही चढतो. म्हणून अनेकजण स्वस्त हेरॉइनकडे वळले. पुढे हुबेहूब दिसणाऱ्या बनावट गोळ्या आल्या. त्यांत पुष्कळदा फेंटानिल असते. ते मॉर्फिनच्या सुमारे १०० पट प्रबळ असून त्याचे २ मिलिग्रॅमही प्राणघातक ठरू शकतात. ही द्रव्ये श्वास मंदावतात. मात्रा अधिक झाल्यास तो झोपेतच थांबतो. वेळीच नॅलोक्सोन दिल्यास मनुष्य वाचू शकतो.

विद्यार्थिमित्रांनो, विकणारा किंमत सांगतो. गोळीत काय आहे हे पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसते. म्हणून मित्राने दिलेली गोळीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये. आणि कोणी या फासात सापडलाच, तर त्यास दूषण न देता वडीलधाऱ्यांस व डॉक्टरांस तत्काळ कळवावे, एवढेच आमचे सांगणे आहे.