ला होयाच्या माहेरवाशिणी

ऑगस्टमध्ये मंडळातल्या कुणाच्या ना कुणाच्या घरी भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आलेले असतात आणि त्यांना सॅन डिएगो दाखवताना एक दिवस ला होया शोअर्सचा असतोच. तिथे गुडघाभर पाण्यात पायांजवळून चार-चार फुटी शार्क जातात म्हटलं, की आजी-आजोबा आधी नातवंडांना बाहेर ओढतात. ‘जॉज’ सिनेमाची कृपा! म्हणून या शार्कची नीट ओळख करून द्यावी म्हटलं. शाळा सुटली तरी शिकवायची खोड सुटत नाही.

हा लेपर्ड शार्क. आपण बिबट्या शार्क म्हणू. राखाडी अंगावर खोगिरासारखे काळपट पट्टे, मधेमधे ठिपके. ऑरेगनपासून मेक्सिकोपर्यंत किनाऱ्यालगत आणि खाड्यांत राहतो. तोंड खालच्या बाजूला, दात बारीक. खाणं म्हणजे खेकडे, कोळंबी, माशांची अंडी. वाळूत पुरलेल्या शिंपल्याची नळी दिसली की ती दातांत धरून हिसका देतो. बिळातला जाडा किडा तर तोंडाने चक्क ओढून घेतो, आपण स्ट्रॉने सरबत ओढावं तसा. माणसाच्या वाटेला गेल्याची नोंद एकच, १९५५ सालची. त्या पाणबुड्याच्या नाकातून रक्त येत होतं, आणि त्यालाही इजा झाली नाही.

उन्हाळ्यात ला होयाला जमणाऱ्या जवळपास सगळ्या माद्या असतात, त्याही बहुतेक गाभण. दिवसभर उथळ, कोमट पाण्यात पडून राहायचं आणि रात्री खायला खोल पाण्याकडे जायचं, असा त्यांचा दिनक्रम. शार्कचं रक्त थंड. पोटातली पिल्लं उबेने लवकर वाढत असावीत, असं अभ्यासकांना वाटतं. तरी दहा-बारा महिने लागतातच! एका वेळी वीस-तीस पिल्लंही होतात, प्रत्येक वीतभर.

मला सगळ्यात आवडला तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. इथले काही शार्क धरून नऊ किलोमीटर आत समुद्रात नेऊन सोडले. त्यांतल्या काहींच्या नाकपुड्यांत व्हॅसलिन लावलेले कापसाचे बोळे घातले होते. मोकळ्या नाकाचे बहुतेक शार्क बऱ्यापैकी सरळ किनाऱ्याकडे निघाले. बोळेवाले हळू, वेडेवाकडे भटकत राहिले. म्हणजे घराची वाट शोधताना वासाचा आधार असतो. एअरपोर्टवर आईची बॅग उघडल्याबरोबर येणारा तिरफळांचा वास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

माझं माहेर वेंगुर्ल्याचं. तिकडे छोट्या शार्कला मोरी म्हणतात आणि बाळंतिणीला दूध यावं म्हणून तिचं कालवण देतात. माझ्या बाळंतपणात आईला व्हिसा मिळाला नाही, तेव्हा ते कालवण मी फोनवर ऐकूनच जेवले. या माद्यांचा व्हिडिओ मी तिला पाठवला. मला वाटलं, आता मसाला विचारणार. ती म्हणाली, “गरवार आसत मां त्यो? मगे शांत ऱ्हवांदेत त्येंका.”

आईचं म्हणणं कायद्याहून शहाणं आहे. कॅलिफोर्नियात तीन फुटांहून लहान बिबट्या शार्क ठेवता येत नाही, आणि एका माणसाला तीनच. पण तीन फूट म्हणजे ९१ सेंटिमीटर, आणि मादी वयात येते ती सव्वाशेच्या आसपास, दहा वर्षं उलटल्यावर. म्हणजे एकदाही न व्यालेली मादी नियमात बसवून नेता येते. ला होयाचा काही भाग राखीव असल्याने तिथे मासेमारीला बंदी आहे, एवढंच बरं.

पाहुण्यांना न्यायचं तर ऑगस्ट-सप्टेंबरात, लाटा कमी असतील अशा दिवशी न्या. शार्कच्या मागे धावू नका, हात लावू नका. आणि पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला. तिथे वाळूत दडून पाकट बसलेली असते आणि तिच्या शेपटीचा काटा खरंच लागतो.