पायथनची नवी टी-स्ट्रिंग आणि तेंदूची वही

2006 च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदूपानांची विक्री स्वतः करतात. कोणी किती पुडे आणले, यावर मजुरी ठरते. अशा नोंदी वेबपानावर दाखवणारा छोटा प्रोग्राम मी पायथन या संगणकभाषेत लिहिला होता. एका नोंदीच्या 'शेरा' रकान्यात कोनी कंसात, रोमन अक्षरांत 'कॅन्सल' टंकले गेले. ब्राउझरला ती पानाच्या मांडणीची खूण वाटली; शब्द गायब झाला आणि रद्द नोंद चालू नोंदीसारखी दिसू लागली.

चूक माझीच होती. 2016 साली पायथन 3.6 मध्ये एफ-स्ट्रिंग आली. अवतरणचिन्हाआधी 'एफ' लिहून महिरपी कंसात चलाचे नाव दिले, की त्या जागी त्याचे मूल्य बसते. सोय मोठी, पण सगळे लगेच एकजीव होते. आपला मजकूर कोणता आणि बाहेरून आलेला कोणता, हे मग ओळखता येत नाही. बाहेरचा मजकूर आधी निर्धोक करून घ्यायला मी विसरलो होतो.

ऑक्टोबर 2025 मध्ये आलेल्या 3.14 आवृत्तीपासून 'एफ'ऐवजी 'टी' लिहिता येते. तेव्हा सलग मजकूर न मिळता छापील अर्जासारखा नमुना मिळतो: छापलेले शब्द वेगळे, रिकाम्या जागी भरलेले वेगळे. पान तयार करणारे फंक्शन भरलेला भाग तपासून मगच जोडू शकते.

'टी' स्वतः काहीच तपासत नाही. तपासणी लिहावीच लागते. पण ती एकाच ठिकाणी लिहून भागते. प्रोग्राम लिहिणाऱ्याला दर ओळीला आठवण राहते की नाही, यावर कोणाची मजुरी अवलंबून राहू नये.